मॅन्टिस श्रिम्प नऊ दिवसांपासून जेवत नाही (नागपूर, मे महिना)

त्रिमूर्तीनगरचा_मासा | १४ मे, रात्री ११.२०

मंडळी, नमस्कार. दोन वर्षं इथं नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून लिहितो.

घरी खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे, १८० लिटरच्या आसपास. फेब्रुवारीच्या शेवटापासून, काचेवरचे शंख सोडले तर, तिच्यात एकच जीव आहे, पीकॉक मॅन्टिस श्रिम्प, कोळंबी-खेकड्यांच्या जातकुळीतला समुद्री प्राणी. चार इंच लांब, हिरवं-निळं अंग, पाय नारिंगी-लाल. घरात त्याचं नाव पहिलवान पडलंय. रोज रात्री साडेनऊच्या बातम्या लागल्या की हा पाइपच्या बिळातून डोळे बाहेर काढून बसायचा आणि चिमट्यातला झिंगा हिसकावून घ्यायचा. बाबांना इतकं कौतुक की मी दिल्यावर तेही गुपचूप एक तुकडा द्यायचे.

५ मेपासून काहीच घेत नाही. पहिले दोन दिवस तुकडा बिळातून बाहेर ढकलला. ८ तारखेला तर पोवळ्याचा चुरा आणि खडे आणून बिळाची दोन्ही तोंडं आतून बंद केली. तेव्हापासून दर्शन नाही.

पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० ते ३० च्या मध्ये, घनता १.०२५. तापमान सकाळी २७ आणि संध्याकाळी ३०, कधी ३१. कुलर चालू असतो तरी.

ज्या दुकानातून सामान घेतो तिथले म्हणाले, आजारी आहे, पाइप उघडून बाहेर काढा, आणि ही निळी बाटली टाका. बाटली आणली आहे, टाकली नाही. टाकू का? आणि नागपुरात याला नक्की काय खायला घालायचं, किती वेळा, हेही कोणी नीट सांगा. घरात आता सगळे मलाच रागवून राहिले आहेत.

तर्रीपोहा | १४ मे, रात्री ११.३१

भाऊ, मे महिन्यात नागपुरात मी बी जेवत नाही. ताक, कांदा आन् झोप. त्याले पन्हं देऊन पाह्य.

खारटपणा | १४ मे, रात्री ११.४८

सगळ्यात आधी ती निळी बाटली फडताळात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी मिळणाऱ्या निळ्या औषधांत बरेचदा तांबं असतं. माशाला ते मोजून दिलं तर चालतं, पण खेकडा, कोळंबी, शंख, पोवळं यांना तांबं म्हणजे विष. शिवाय ते दगडात आणि वाळूत मुरून बसतं आणि पुढे कित्येक महिने हळूहळू पाण्यात उतरत राहतं. एकदा टाकलंत की त्या टाकीत पुन्हा असा प्राणी ठेवायची सोय उरत नाही.

दुसरं, खाणं बंद आणि बिळाची तोंडं बंद, या दोन गोष्टी एकत्र आल्या की याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. तो कात, म्हणजे जुनं कवच, टाकायच्या तयारीत आहे. पाइप उघडू नका. हलवूही नका.

त्रिमूर्तीनगरचा_मासा | १५ मे, सकाळी ७.०५

खारटपणा, लई धन्यवाद. बाटली आईच्या देवघरावरच्या फळीवर गेली. पण नऊ दिवस (आज दहावा) उपाशी राहणं ठीक आहे का?

मीठभाकर | १५ मे, सकाळी ९.४०

दहा दिवसांनी काही होत नाही. चांगला खाल्लेला मोठा मॅन्टिस दोन-तीन आठवडे सहज काढतो. तुमच्या पहिलवानाने तर बाबांच्या कृपेने दोन महिने दोन वेळचं जेवलंय.

माझी चूक सांगते म्हणजे तुम्ही ती करणार नाही. चार वर्षांपूर्वी माझ्याकडेही हाच प्रकार होता, पुण्यात. अकराव्या दिवशी धीर सुटला. वाटलं आत मेला असेल, पाणी सडेल. पाइपचं एल्बो काढून टॉर्च मारला. तो आत होता, अर्धा जुन्या कवचातून बाहेर आलेला, खव्यासारखा मऊ. टॉर्चच्या उजेडाने धडपडला आणि मागच्या पायांकडून अडकला. दुसऱ्या दिवशी गेला. पाणी वगैरे काही सडलं नव्हतं.

मेला असता तर अमोनिया चढला असता आणि एक-दोन दिवसांत वास आला असता. चाचणी रोज करा आणि हात खिशात ठेवा.

झिरोमाईल | १५ मे, सकाळी १०.१२

एक अडाणी प्रश्न. नागपुरातून समुद्र चारही दिशांनी सारखाच लांब. इथं खारं पाणी येतं कुठून? टँकरने?

अंबाझरीकर | १५ मे, दुपारी १.३०

@झिरोमाईल, घरातच बनते भाऊ. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात ॲक्वेरियमचं मीठ टाकायचं, लिटरले ३५ ग्रॅमच्या आसपास, आन् रात्रभर मोटर लावून फिरवायचं. स्वयंपाकाचं मीठ नाही बरं का! समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं असते, कवच त्याच्यावरच बनते. नळाचं पाणी आपलं पेंच धरणाचं, पिण्यासाठी उत्तम. पण क्लोरीन आन् बाकी क्षार असतात म्हणून टाकीले थेट चालत नाही.

आता @त्रिमूर्तीनगरचा_मासा, खाण्याचं सांगतो. मी चार वर्षांपासून एक छोटा मॅन्टिस ठेवून आहे, इथंच, अंबाझरी लेआउटमध्ये.

पहिली गोष्ट, रोज देणं बंद करा. मोठ्याले आठवड्यातून दोनदा, फार तं तीनदा. आमच्या घरी बुधवार आन् रविवार. जे आपलं तेच त्याचं. एका वेळी त्याच्या डोक्याएवढा तुकडा, जास्त नाही. त्यानं अर्ध्या तासात नाही घेतला तं चिमट्यानं काढून घ्यायचा. तुमचं नायट्रेट ३० कडं चाललं ना, ते बाबांच्या दुसऱ्या तुकड्याचं आहे.

काय द्यायचं? आपल्याकडं समुद्राची कोळंबी बर्फात येते. सोललेली घेऊ नका, सालीसकटच घ्या. धुवा, तुकडे करा, डब्यात घालून आठवडाभर तरी बर्फात ठेवा आन् मग द्या. पाकिटातली घेत असाल तं मागं वाचा. मीठ, मसाला, फॉस्फेट लावलेली नको. त्याच्यानं शेवाळ माजते. शिंपल्यातले जीव मिळाले तं बंद शिंपल्यासकट द्या. तो पुढच्या पायाच्या सोट्यानं फोडून खाते आन् त्या दिवशी घरातल्या पोरांले टीव्ही लागत नाही. समुद्री खेकड्याचा पाय, तोही कवचासकट, त्याले लय आवडते.

रोज एकच झिंगा देत राहिलात तं काही दिवसांनी तोंड फिरवते. बदलून बदलून द्या.

पवनीचा_पाटील | १५ मे, दुपारी २.१५

अंबाझरीकर भाऊ, समुद्राची कोळंबी कायले? आमच्याकडं भंडाऱ्यात मामा (माजी मालगुजारी) तलावाचे झिंगे किलोनं मिळते. ताजे, जिवंत. पाहिजे तं पाठवतो.

खारटपणा | १५ मे, दुपारी ३.००

पाटील, मनापासून आवडलं, पण ते झिंगे कधीतरी चव बदल म्हणूनच ठीक. गोड्या पाण्यातल्या खाद्यात समुद्री जिवांना लागणारी काही मेदाम्लं कमी पडतात, त्यामुळे तेवढ्यावर वर्षभर भागत नाही. गोल्डफिश जिवंत सोडणारे तर बघितलेत, ते कृपया करू नका. कार्प कुळातल्या माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं. रोज तेच खाऊ घातलं तर प्राणी भरल्या पोटी कुपोषित.

धानाच्या बांधावरचे खेकडे तर अजिबात नको. फवारणीचं काय काय त्यांच्या पोटात असेल सांगता येत नाही.

पवनीचा_पाटील | १५ मे, दुपारी ३.२०

बरं. मंग झिंगे आमीच खातो.

तर्रीपोहा | १५ मे, दुपारी ३.२२

पाटील साहेब, माझा पत्ता निरोपात टाकून राहिलो.

सावजीसम्राट | १५ मे, संध्याकाळी ६.१०

मी फक्त विचारतो, रागावू नका. हा प्राणी खातात का?

कांदळवन | १५ मे, संध्याकाळी ७.४५

खातात. जपानमध्ये याला शाको म्हणतात, सुशीवर उकडून ठेवतात. इटलीत, चीनमध्येही खातात. हाँगकाँगकडे त्याला ‘मुतरी कोळंबी’ अशा अर्थाचं नाव आहे, कारण उचलला की पाण्याची पिचकारी मारतो.

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे ट्रॉलरच्या जाळ्यात याचे भाऊबंद ढिगाने येतात, मळकट पिवळे-करडे. ते तुमच्यासारखे सोटेवाले नाहीत, भालेवाले. पुढच्या पायाला करवतीसारखे काटे असतात आणि चिखलात बीळ करून वर जाणारा मासा भोसकतात. जाळं झाडताना एकदा माझ्या अंगठ्यात घुसला होता, तीन टाके पडले. बाजारात फारसं कोणी घेत नाही, बराचसा माल सुकवून खताला नाही तर माशांच्या खाद्याला जातो.

म्हणून एक प्रश्न मलाही पडतो. समुद्रापासून इतक्या लांब, ४५ अंशांच्या गावात, एका जिवाला काचेत ठेवायचं कशाला?

त्रिमूर्तीनगरचा_मासा | १५ मे, रात्री ९.५०

कांदळवन दादा, खरं सांगायचं तर व्हिडिओ बघून आणला. आता आणला आहे तर नीट ठेवायचा आहे.

खारटपणा | १५ मे, रात्री १०.३०

कांदळवन यांचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. गप्पी मासे घरी पैदा होतात तसं याचं नाही. बाजारात येणारे पीकॉक मॅन्टिस बहुतेक सगळे समुद्रातून पकडलेले. अंडी दिली तरी पिल्लं कित्येक आठवडे पाण्यात तरंगत राहतात, ती वाढवणं घरच्या टाकीत जवळपास अशक्य. म्हणून माझं मत : एक ठेवा, नीट ठेवा, तो गेला की लगेच दुसरा आणायला धावू नका. यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, इथं पहिलवानाचं बघू.

गणिताच्या_बाई | १६ मे, सकाळी ८.२०

माझ्या मुलाने हा धागा वाचून घरात जाहीर केलंय की मॅन्टिस श्रिम्प काच फोडतो आणि त्याला माणसापेक्षा दहापट रंग दिसतात. दोन्ही खरं आहे का?

दुर्बिण | १६ मे, सकाळी ११.०५

बाई, पहिलं अर्धं खरं, दुसरं लोकांनी फुगवलेलं.

ठोशाचं मोजमाप झालंय. कॅलिफोर्नियात शीला पटेक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याच पीकॉक जातीचा ठोसा अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला, तेव्हा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत निघाला, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर, आणि तोही पाण्यात! नुसत्या स्नायूने हे होत नाही. पायाच्या वरच्या भागात घोड्याच्या खोगिरासारखी एक कमान असते, ती स्प्रिंगसारखी ताणून अडकवून ठेवतो आणि खटका सोडतो. धनुष्याचं तत्त्व. वेग इतका की मधल्या पाण्याचे बुडबुडे होतात, आणि ते फुटताना शंखाला दुसरा दणका बसतो. एका ठोशात दोन ठोसे.

काच : १९९८ मध्ये इंग्लंडात टायसन नावाच्या एकाने मत्स्यालयाची पाव इंची काच फोडल्याची बातमी गाजली होती. पण ती पाव इंची, म्हणजे सहा मिलिमीटर. घरच्या टाकीची काच १० मिलिमीटर असेल तर झोप लागायला हरकत नाही.

आता रंग. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, याच्या डोळ्यात बारा. म्हणून सगळे म्हणतात याला स्वर्गीय रंग दिसतात. २०१४ मध्ये खाण्याचं आमिष दाखवून परीक्षा घेतली, तर जवळजवळच्या छटांमध्ये हा आपल्यापेक्षा कितीतरी कच्चा निघाला. म्हणजे बारा पेशी आहेत, पण त्यांची तुलना करत बसत नाही. झटकन ‘हा लाल, हा हिरवा’ असं ओळखून मोकळा होत असावा. मात्र वर्तुळाकार ध्रुवण झालेला प्रकाश (ज्याच्या लहरी फिरकीसारख्या गोल फिरत पुढे जातात) त्याला दिसतो, तो आपल्याला अजिबात दिसत नाही. २००८ मध्ये हे समोर आलं.

गणिताच्या_बाई | १६ मे, सकाळी ११.४०

म्हणजे साधनं भरपूर, तुलना शून्य. माझ्या वर्गात असे बरेच आहेत.

तर्रीपोहा | १६ मे, सकाळी ११.४४

बाई 🙏

कुलरवाला | १६ मे, दुपारी ४.२०

खाणं, डोळे, ठोसे सगळं झालं, पण कोणी तापमानावर बोललं नाही. संध्याकाळी ३१? अरे बापू, तो तिथंच अडकला आहे. याले २४ ते २६ पाहिजे, २८ च्या वर जाऊ देऊ नये. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावते, आन् त्याच वेळी प्राण्याले जास्त लागते. कात टाकताना तं आणखी.

कुलर खोलीत लावला म्हणून टाकी थंड होत नाही. उलट ऐका, गंमत आहे. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी ठणठणीत. टाकीचं झाकण काढून पाण्यावर तिरपा छोटा पंखा लावला तं पाणी उडते आन् चार-पाच अंश सहज उतरते. आपल्या कुलरचंच तत्त्व. पण त्याच खोलीत वाळ्याचा कुलर भरभरून चालवला तं हवा ओली होते आन् टाकीवरचा पंखा निकामी. एक तं कुलर बाहेरच्या खोलीत न्या, नाही तं खिडकी उघडी ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते, तेव्हा पंख्यानं काही होत नाही. लोक म्हणते पावसाळ्यात थंड आहे, अन् टाकी २९ वर बसलेली असते. नागपुरात खरी परीक्षा नवतपाची (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांची) नाही, ऑगस्टची अन् ऑक्टोबरची. तवा पाणी थंड करणारा चिलर नाही तं एसी.

अंबाझरीकर | १६ मे, संध्याकाळी ५.००

कुलरवाला बरोबर बोलले, फक्त एक जोडतो. पंख्यानं पाणी उडते पण मीठ उडत नाही. माझ्या टाकीतून मे महिन्यात रोज तीन-चार लिटर जाते. ते भरून काढताना साधं आरओचं पाणी टाकायचं, खारं नाही. एका पाहुण्यानं आमच्याकडं चार दिवस खारं टाकलं होतं, घनता १.०३० वर गेली होती.

आन् एकदम भरू नका. थोडं सकाळी, थोडं संध्याकाळी.

त्रिमूर्तीनगरचा_मासा | १६ मे, रात्री १०.१५

कुलर हॉलमध्ये नेला. टाकीवर टेबल फॅन तिरपा लावला, झाकणाऐवजी मच्छरदाणीची जाळी बसवली. आत्ता २८. बाबा हॉलमध्ये झोपले, म्हणतात कुलरसाठी मला ही माशाची खोली सोडावी लागली.

वीज गेली तर काय करायचं?

कुलरवाला | १६ मे, रात्री १०.३२

इन्व्हर्टरवर फक्त पाणी फिरवणारी मोटर ठेवा, बाकी काही नाही. चिलर इन्व्हर्टरवर चालवायले जाऊ नका. दोन लिटरची बाटली बर्फ करून ठेवा, गरज पडली तं टाकीत तरंगत सोडा. बाटली बंद पाहिजे! बर्फ सरळ टाकला तं पाणी गोडं होते. आन् घाई नको, तासाले एक अंशाच्या वर उतरवू नका.

ऑनलाइन_अनुभवी | १७ मे, सकाळी ९.००

कात लवकर पडावी म्हणून आयोडीन टाका. मी दर आठवड्याला टाकतो, उत्तम फरक पडतो. शिवाय एवढी रिकामी टाकी वाईट दिसते, कोकणातून एक-दोन जिवंत दगड मागवून टाका, त्यावरचे किडे-शंख तो आपोआप खातो.

मीठभाकर | १७ मे, सकाळी ९.५०

आयोडीन मोजायची चाचणी घरी आहे का? नसेल तर टाकू नका. पाणी नियमित बदललं तर मिठातून येणारं पुरतं. जास्त झालेलं आयोडीन विषच आहे.

खारटपणा | १७ मे, सकाळी १०.१५

आणि ते जिवंत दगड तर मुळीच नाही. २००१ पासून खडक बनवणारी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. किनाऱ्यावरून पोवळ्यासकट दगड उचलणं गुन्हा आहे. कृत्रिम खडक मिळतात, तेवढे पुरे. या जातीला टाकी सजवून लागतही नाही. त्याला लागतं बीळ आणि अंधार.

बिळाचं बघू. पीव्हीसी पाइप इंग्रजी यू आकारात, दोन्ही तोंडं वाळूच्या वर, लांबी त्याच्या अंगाच्या तिप्पट तरी, आणि रुंदी एवढी की तो आत दुमडून वळू शकेल. मासासाहेब, तुमचा पाइप किती?

त्रिमूर्तीनगरचा_मासा | १७ मे, सकाळी १०.४०

दीड इंची, मधला भाग एक फूट. दिवा दिवसाचे दहा तास चालू असतो.

खारटपणा | १७ मे, सकाळी ११.०५

पाइप ठीक. दिवा कमी करा. हा उथळ उन्हातला प्राणी नाही, बराच खोल राहतो. फार लख्ख उजेडात ठेवलेल्या पीकॉकच्या कवचावर काळपट-तपकिरी खड्डे पडतात, कवच कुजतं. सध्या तर दिवा बंदच ठेवा, खोलीतला उजेड पुरे.

ऑनलाइन_अनुभवी | १७ मे, सकाळी ११.३०

मी दहा वर्षं करतोय, मला काही झालं नाही.

मीठभाकर | १७ मे, सकाळी ११.३४

तुम्हाला नाही हो, मॅन्टिसला.

सावजीसम्राट | १९ मे, रात्री ८.१०

काय झालं पहिलवानाचं?

त्रिमूर्तीनगरचा_मासा | १९ मे, रात्री ९.००

काही नाही. टाकी २६ ते २७ वर. अमोनिया शून्य. बीळ बंद. आईने आज विचारलं, भाड्याने घर दिलं आहे का.

दुर्बिण | १९ मे, रात्री ९.४०

वाट बघताना एक किस्सा. याच गणातल्या एका मोठ्या, पट्टेवाल्या भालेवाल्या जातीत नर-मादी एकाच बिळात वर्षानुवर्षं राहतात. शिकार करून आणायचं काम नराचं, मादी घर सांभाळते. तिने नवरा गमावला तर तिची पंचाईत होते, कारण वर्षानुवर्षं तिने शिकार फारशी केलेलीच नसते.

गणिताच्या_बाई | १९ मे, रात्री ९.५२

आणि इथं रविवारी खेकडे आणायला मीच जाते.

कांदळवन | २० मे, सकाळी ७.३०

कात टाकल्यावरचं सांगतो. आमच्या गल्लीतल्या पोराने लहान मत्स्यालय काढलंय, त्याच्याकडचं बघितलंय. कवच पडल्यावर तो काही दिवस मऊ असतो आणि त्याला स्वतःला ते ठाऊक असतं. ठोसा मारला तर त्याचाच हात मोडेल. तरी कोणी बिळापाशी आलं की दोन्ही हात पसरून हातांच्या आतले रंगीत ठिपके दाखवतो, नुसती धमकी. म्हणून तो तोंडाशी येऊन हात पसरून बसला तर ‘बरा झाला, आता खायला देऊ’ असं समजू नका. निदान पाच-सात दिवस जाऊ द्या. आणि पहिला घास मऊ, कोळंबीचा गर. शिंपला-बिंपला नंतर.

(मी ठेवण्याच्या विरोधातच आहे, पण ठेवलाय तर.)

अंबाझरीकर | २० मे, सकाळी ८.१५

कांदळवन दादांले मानलं. आन् कात बाहेर पडली तं लगेच काढू नका. काही जण तिचे तुकडे खातात, कॅल्शियम परत मिळते.

तर्रीपोहा | २३ मे, दुपारी १२.३०

आज ४५. पहिलवानाचा काही पत्ता?

त्रिमूर्तीनगरचा_मासा | २७ मे, रात्री १२.१०

मंडळी, उशीर झाला, पण आधी कळवण्यासारखं काही नव्हतं.

२४ तारखेला सकाळी बिळाचं डावीकडचं तोंड उघडं दिसलं आणि समोर वाळूवर पहिलवान पडलेला. उताणा, पारदर्शक, डोळे पांढरे. आईने पहिल्यांदा बघितलं. मी दात घासत होतो. ती देवघरात गेली आणि समई लावली. मीही मान्य केलं होतं की गेला. चिमटा आणला, उचलला, तर वजनच नाही. कवच होतं नुसतं. डोळ्यांच्या काड्या, मिशा, ठोशाचे दोन्ही सोटे, सगळं जसंच्या तसं, फक्त आत कोणी नाही. अंबाझरीकर भाऊंचं आठवलं आणि परत खाली ठेवलं.

दुपारी पाइपच्या तोंडाशी दोन डोळे, एक वर बघतोय, एक खाली. हात पसरले. कांदळवन दादा म्हणाले होते म्हणून काहीच दिलं नाही. बाबांना बातम्यांच्या वेळी खुर्चीवरून उठू दिलं नाही.

आज रात्री अकराला, म्हणजे आता तासाभरापूर्वी, टक् असा आवाज झाला. बाहेर येऊन काचेवरच्या शंखाला मारलं होतं. अजून तीन दिवस थांबतो, मग कोळंबीचा गर. रविवारी.

कवच सावलीत वाळवून फ्रेम करायचं आहे. आईने समई अजून विझवू दिली नाही.

मीठभाकर | २७ मे, सकाळी ६.५०

बरं वाटलं वाचून. फार बरं वाटलं.

कवच वाळवण्याआधी गोड्या पाण्यात दिवसभर भिजवा, नाही तर मिठामुळे पांढरं पडतं आणि कुरकुरीत होऊन तुटतं.

पवनीचा_पाटील | २७ मे, सकाळी ७.१५

रविवारी झिंगे पाठवू का? थोडेच. चव बदल म्हणून.

कुलरवाला | २७ मे, सकाळी ९.००

आनंद आहे. आता ऑगस्टची तयारी करा. जुना चिलर कोणाकडं विकायचा असेल तं सांगजा, १८० लिटरच्या टाकीले जमेल असा. मासासाहेबांले लागेल.

ऑनलाइन_अनुभवी | २७ मे, सकाळी ९.२०

माझ्याकडे आहे. एक वर्ष वापरलेला, फक्त गॅस भरावा लागेल.

मीठभाकर | २७ मे, सकाळी ९.२३

नको.